तीन नंबर मोकळा

आमच्या दुकानात दुरुस्तीची परीक्षा एकच होती. सासरे स्विच टाकायचे, माइकवर टिचकी मारायचे, दोनदा "हॅलो, हॅलो" म्हणायचे आणि गिऱ्हाइकाकडे बघून विचारायचे, "वाजतंय ना?" गिऱ्हाईक म्हणायचं, "वाजतंय." त्यावर सासऱ्यांचं ठरलेलं, "मग झालं." या एका प्रश्नाशी मी लग्नानंतर कितीतरी वर्षं भांडले, आणि आज केस पिकल्यावरही मला त्याचा पश्चात्ताप नाही. वाजतंय म्हणजे बरोबर आहे असं नसतं. तापानं फणफणलेला माणूसही चालतो-बोलतो.

दुकान बिबवेवाडीत. लाउडस्पीकर, अ‍ॅम्प्लिफायर, मिक्सर दुरुस्त करायचे आणि मंगल कार्यालयांत, शाळांच्या हॉलमध्ये ते बसवून द्यायचे, हा धंदा. मिक्सर म्हणजे चटणीचा नव्हे. चार माइक आणि गाण्याची कॅसेट यांचे आवाज एकत्र करून पुढे पाठवणारी पेटी. हे सांगणं भाग आहे, कारण आमची पाटी वाचून आजूबाजूच्या बायका भांड्यासकट स्वयंपाकघरातला मिक्सर घेऊन यायच्या. सासरे त्यांना चष्म्यावरून बघत म्हणायचे, "आमच्याकडे बोलणारे मिक्सर दुरुस्त होतात. वाटणारे पलीकडच्या गल्लीत."

मी खडकीची. वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात कामाला आणि आमचं बालपण क्वार्टर्समध्ये गेलेलं. वडिलांची घरातसुद्धा एक शिस्त होती: वस्तूला हात लावायच्या आधी तिच्याबरोबर आलेला कागद वाचायचा. नवा प्रेशर कुकर आणला तेव्हा त्यांनी त्याचं पत्रक आम्हाला जेवणाआधी मोठ्यानं वाचून दाखवलं होतं, आणि तोवर आमटी थांबली होती. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला. पुढे सासरे मला बघायला आले तेव्हा त्यांनी स्वयंपाकाचं काही विचारलंच नाही. विचारलं ते एवढंच, "सोल्डरिंग येतं का?" मला ते स्थळ तिथल्या तिथे पसंत पडलं. नवरा बँकेत नोकरीला होता, त्याला दुकानाचं सोयरसुतक नव्हतं. लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात मी दुकानातल्या कामाच्या टेबलावर बसले. मीटर, भिंग, सोल्डरिंग आयर्न आणि वाकवता येणारा दिवा. मला विचाराल तर माझं सासर म्हणजे ते टेबल होतं. घरच्या गाद्या-पडद्यांत माझा जीव कधीच रमला नाही.

आता भांडण ज्यावरून झालं ते सांगते. चांगल्या मिक्सरच्या मागच्या बाजूला तीन टोकांची पिन लागते. एक नंबर म्हणजे अर्थ, जमिनीला जाणारी तार. दोन नंबरवर आवाज येतो, आणि तीन नंबरवर तोच आवाज पुन्हा, पण उलटा होऊन. लांबच्या वायरीत शिरलेली घरघर दोन्हीवर सारखीच येते, आणि पुढच्या यंत्रात एकीला दुसरी खाऊन टाकते. याला बॅलन्स्ड म्हणतात. पण आपल्याकडच्या कार्यालयांत जे जुने अ‍ॅम्प्लिफायर असत, त्यांच्या पाठीमागे असायचं साधं दोनच टोकांचं भोक: मध्ये आवाज, बाहेर अर्थ. म्हणजे तिनाचे दोन करायचे. त्यासाठी मध्ये लावायचा तो कन्व्हर्टर, बोटाएवढा; दुकानात त्यालाही पिनच म्हणत. प्रश्न असा की, तिसऱ्या टोकाचं करायचं काय?

सासऱ्यांचा नियम पाठ होता: "एक-तीन एकत्र, दोन वेगळा." तीन नंबर अर्थला जोडून टाकायचा. आणि सासरे काही अडाणी नव्हते. ज्या काळात त्यांनी काम शिकलं, त्या काळच्या पेट्यांत आवाज बाहेर पडायचा तो ट्रान्सफॉर्मरमधून. तिथे तीन नंबर मोकळा सोडला तर सर्किटच पुरं होत नाही. आवाज येत नाही, आला तर चिरका येतो. तिथे त्यांचा नियम शंभर टक्के बरोबर होता. ते दुपारच्या वेळी बसून एका दमात वीस-वीस कन्व्हर्टर जोडायचे, प्रत्येकावर लाल टेपचे दोन वेढे द्यायचे आणि डब्यात टाकायचे. पुण्यातल्या कितीतरी हॉलमध्ये ते लाल वेढे होते. दुसऱ्या कुणी जोडलेली पिन दिसली की ते ती चिमटीत धरून म्हणायचे, "ही कुठल्या शाळेत शिकली?"

मोबाइल अजून बड्या लोकांच्याच हातात होते, त्या सुमाराची गोष्ट. धायरीत एक मंगल कार्यालय नव्यानं उभं राहिलं. मालक तिथलेच, शेतीची जमीन न विकता त्यावरच कार्यालय बांधलेले, सासऱ्यांना काका म्हणणारे. त्यांनी अ‍ॅम्प्लिफायर जुनाच ठेवला, मिक्सर मात्र नवाकोरा घेतला, आणि बसवायचं काम आमच्याकडे आलं. मी सवयीनं आधी पुस्तिका वाचली. त्यात स्वच्छ लिहिलं होतं, चित्रासकट, आणि चित्रावर फुलीसुद्धा मारली होती: तीन नंबर अर्थला जोडू नका. कारण या पेटीत ट्रान्सफॉर्मर नव्हताच. दोन नंबरला एक आयसी, म्हणजे चिप, आवाज ढकलत होती आणि तीन नंबरला दुसरी. तीन नंबर अर्थला जोडला म्हणजे त्या दुसऱ्या आयसीचं तोंडच दाबल्यासारखं. ती बिचारी ढकलत राहणार, तापत राहणार.

मी पुस्तिका सासऱ्यांपुढे ठेवली. त्यांनी चित्र बघितलं, पान उलटून मागचंही बघितलं आणि विचारलं, "हे छापणाऱ्यानं धायरीत किती हॉल बसवलेत?"

"बाबा, पेटी त्यांनीच बनवलीय."

"तीन मोकळा सोडला की वाजत नाही. मी करून बघितलंय, तू जन्मली नव्हतीस तेव्हा."

"ते ट्रान्सफॉर्मरला. यात तो नाही."

"माझे लावून बघ. नाही वाजलं तर मग बोलू."

मी धायरीला गेले आणि त्यांचे लाल वेढ्यांचे दोन कन्व्हर्टर लावले, एक डावीकडे, एक उजवीकडे. वाजलं. मालक खूश झाले. "येक नंबर! काय आवाज हाय!" सासरे स्कूटरवरून मागून आले होते, त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "वाजतंय ना?" आणि मी गप्प बसले. या सगळ्या प्रकरणात माझी स्वतःची चूक म्हणून मी जी कबूल करते ती ही एकच. मला माहीत होतं आणि मी गप्प बसले. नव्या सुनेचं गप्प बसणं लोकांना शोभून दिसतं. मला त्या गप्प बसण्याचा आजही संताप येतो.

लग्नसराईभर पेटी सकाळपासून रात्रीपर्यंत चालली, तीही ऐन उन्हाळ्यात. आधी निरोप आला की मोठ्या आवाजात गाणं फाटतं. मग एक बाजू गेली. आणि मेच्या अखेरीस एका लग्नात मंगलाष्टकं चालू असतानाच दुसरी बाजूही गेली. भटजी "सावधान" म्हणाले ते पुढच्या दोन रांगांनाच कळलं. मागच्यांनी अक्षता अंदाजानं टाकल्या. दुसऱ्या दिवशी मालक दुकानात हजर. ते रागावले होते आणि त्यांचं काही चुकत नव्हतं.

"काका, तुमच्या हातचं काम आजवर कंदी बिघडलं न्हाई," ते सासऱ्यांना म्हणाले. "ह्या येळी जोडाया वहिनी आल्या हुत्या."

मी सासऱ्यांकडे बघितलं. पिन कुणाची ते त्यांना माहीत होतं, पुस्तिका मी दाखवली होती तेही माहीत होतं. ते मालकांना म्हणाले, "बघतो मी." आणि मालक गेल्यावर मला म्हणाले, "तू काही दिवस काउंटरवर बस. टेबलाचं मी सांभाळतो."

ते काही दिवस चार महिने चालले. चार महिने मी पावत्या फाडल्या, सेल विकले, आणि माझ्या टेबलाकडे पाठ करून बसले. धायरीपासून ते मार्केट यार्डापर्यंत सगळ्या धंद्यात पसरलं होतं की सुनेनं पेटी जाळली. एक गिऱ्हाईक तर माझ्यासमोर म्हणालं, "काकांनी स्वतः केलं तरच द्यायचं." मी त्याला पावती दिली आणि म्हटलं, "पावती मी लिहिलीय, चालेल ना? की तीही जळेल?" घरी नवरा म्हणाला, जाऊ दे, वय झालंय त्यांचं. वय झालं म्हणजे माणसाला दुसऱ्याच्या डोक्यावर आपली चूक ठेवायची परवानगी मिळते, हे मला कुठल्या पुस्तिकेत सापडलं नाही.

मग खंडेनवमी आली. आमच्या दुकानात त्या दिवशी हत्यारांची पूजा असायची. पाटावर लाल कापड, त्यावर सोल्डरिंग आयर्न, मीटर, पकडी, स्क्रू ड्रायव्हर ओळीनं मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, झेंडूची फुलं. आणि नियम कडक: दुसऱ्या दिवशी दसऱ्याची पूजा होईपर्यंत पाटावरच्या हत्याराला कुणी हात लावायचा नाही. सासऱ्यांनी स्वतःच्या लग्नाच्या दिवशी काम केलं होतं म्हणतात, पण खंडेनवमीला कधी नाही.

पूजा आटोपून तासही झाला नसेल, तोच धायरीची जीप दारात थांबली. मालकांनी एक नवी पेटी उतरवली, त्याच बनावटीची, आणि मागोमाग जुनी जळकीही.

"उद्या दसऱ्याला साखरपुडा हाय कार्यालयात," ते म्हणाले. "ही नवी जोडून पायजे. जुन्या पिना म्या फेकून दिल्या. नव्या द्या. पर काका, तुमच्या हातच्या."

सासरे म्हणाले, "आज हत्यार उचलता येत नाही. पण पिना तयार आहेत." त्यांनी डब्यातून लाल वेढ्यांचे दोन कन्व्हर्टर काढले आणि काउंटरवर ठेवले. माझ्या पुढ्यातच, कारण काउंटरवर मीच बसले होते.

मी ते दोन्ही उचलले आणि मुठीत धरले. "हे देणार नाही," म्हटलं.

"अगं, दे त्यांना."

"नाही देणार. ही पेटीही जळेल. आणि तेव्हा कुणाचं नाव घ्याल? आता तर मी टेबलावरही नाही."

मालक एकदा माझ्याकडे, एकदा सासऱ्यांकडे बघत राहिले. सासऱ्यांचा चेहरा उतरला नाही, उलट ताठ झाला. "लावून दाखव आणि जळतंय का बघ," ते म्हणाले.

"नवी पेटी जाळून दाखवू? जळकी आणलीय ना त्यांनी, तीच उघडते."

"कशानं उघडशील?"

त्यांचं बरोबर होतं. सगळे स्क्रू ड्रायव्हर पाटावर होते. मी उठले, पाटाजवळ गेले, नमस्कार केला आणि स्क्रू ड्रायव्हर उचलला. मग मीटर. मग सोल्डरिंग आयर्न. कुंकू पदराला पुसलं. सासरे ओरडले नाहीत. ते फक्त म्हणाले, "आजवर या दुकानात असं झालं नाही."

"दुसऱ्याच्या चुकीची शिक्षा सुनेनं भोगायची, हेही आजवर झालं नव्हतं," मी म्हटलं. देवाला राग यायचाच असेल तर देव आणि मी बघून घेऊ, असंही म्हटल्याचं आठवतं. सासूबाई हयात असत्या तर त्या दिवशी माझी काही खैर नव्हती.

मी माझ्या टेबलावर बसले आणि जळकी पेटी उघडली. आउटपुटच्या जागी चार आयसी, डाव्या बाजूला दोन, उजव्या बाजूला दोन. मी दोघांनाही बोलावून भिंग हातात दिलं. डावीकडची दोन नंबरची आयसी शाबूत, तीन नंबरची तडकलेली, भोवतीचा बोर्ड करपून त्या बाजूचा वीजपुरवठाच तुटलेला. उजवीकडे तेच. मग मी लाल वेढ्यांच्या कन्व्हर्टरला मीटर लावलं, एक टोक एक नंबरला, दुसरं तीनला. मीटर वाजलं.

"तीन नंबर अर्थला शॉर्ट आहे," मी मालकांना म्हटलं. "ही पिन लावली की या दोन आयसी दिवसभर अर्थशी झुंजतात. माझ्या हाताचा दोष असता, तर तो दोन्हीकडे निवडून तीन नंबरलाच लागला असता का?"

मालकांनी भिंग खाली ठेवलं. "म्हंजी पिनंचा दोष. पिन कुनाची हुती?"

मी सासऱ्यांसाठी थांबले. खरंच थांबले, त्यांनी बोलावं असं मला फार वाटत होतं. ते झेंडूच्या फुलांकडे बघत राहिले. मग मीच बोलले. "पिन यांची. सांगितलेलं मी. न ऐकलेलं यांनी. गप्प बसले मी." सासऱ्यांनी चपला घातल्या आणि ते दुकानातून निघून गेले.

मी मालकांना दोन नवे कन्व्हर्टर जोडून दिले. दोन नंबर मधल्या टोकाला, एक नंबर बाहेरच्या, आणि तीन नंबर मोकळा, चुकून कुठे टेकू नये म्हणून वर नळी चढवलेली. लाल टेप लावली नाही. त्यांना बजावलं: जोडताना दोन्ही यंत्रं बंद, मग आधी मिक्सर चालू आणि शेवटी अ‍ॅम्प्लिफायर, अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज शून्यावरून हळूहळू चढवायचा, कारण नव्या पेटीचा जोर जुन्याला झेपेल तेवढाच द्यायचा, आणि उद्या एखादी जुनी ट्रान्सफॉर्मरवाली पेटी आणलीत तर ह्या पिना तिला चालणार नाहीत, तिथे काकांचाच नियम. दुकानात लावून दाखवलं. तासभर मोठ्यानं सनई वाजवली, आवाज कुठे फाटला नाही. मालक जाताना म्हणाले, "वहिनी, म्या चार ठिकानी तुमचं नाव खराब केलं." मी म्हटलं, "मग चार ठिकाणी सुधारा." पुण्यात राहून एवढं बोलता आलं नाही तर काय उपयोग!

संध्याकाळी नवऱ्यानं विचारलं, "बाबांची माफी मागशील का? पूजेतलं हत्यार उचललंस म्हणून तरी?"

"नाही," मी म्हटलं. सासरे जेवले नाहीत. त्यांच्या खोलीचा दिवा चालू होता, आणि मला वाईट वाटलं, पण माफी मागावी इतकं नाही. म्हाताऱ्या माणसाचं उपाशी राहणं हे सुनेवरचं सगळ्यात जुनं हत्यार आहे, आणि त्याची पूजा करायला मी तयार नव्हते.

दसऱ्याच्या सकाळी मी दुकानात गेले तर शटर आधीच वर आणि पूजा उरकलेली. सासरे माझ्या टेबलावर बसले होते आणि डब्यातले लाल कन्व्हर्टर एकेक करून उघडत होते. घाईत दोन-तीन पिना त्यांनी जाळूनही ठेवल्या होत्या. माझी पुस्तिका समोर उघडी होती, फुलीचं पान.

"किती ठिकाणी दिल्यात, मोजदाद नाही," ते वर न बघता म्हणाले. "जुन्या पेट्या आहेत तिथे चालतील. पण नव्या आता सगळीकडे यायला लागल्यात. परत मागवायला हव्यात." त्यांनी एक कागद माझ्याकडे सरकवला. त्यावर फोन नंबर होते. त्यांना सगळ्यांचे नंबर तोंडपाठ असायचे. "तू फोन कर. सांग, काकांची चूक झाली. माझ्या तोंडून निघायचं नाही ते."

माझं मन हललं, हे खोटं कशाला सांगू? कागद हातात घेतला असता तर सगळं सोपं झालं असतं. घरात सण होता. पण माझं नाव त्यांच्या गप्प बसण्यानं गेलं होतं, ते माझ्या बोलण्यानं परत येणार नव्हतं.

"फोन तुम्ही करायचा, बाबा," मी म्हटलं. "पिना मी जोडते. उठा तिथून."

त्यांनी हातातली पिन खाली ठेवली. मग टेबलाला हात टेकून उठले, फोनपाशी गेले आणि मी बसले. पहिला नंबर लागला. "हां, मीच बोलतोय... ते लाल टेपचे कन्व्हर्टर आहेत ना, नव्या मिक्सरला लावू नका. परत पाठवा, बदलून देतो... हो, धायरीची पेटी त्यानंच गेली." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. सासरे थांबले, खाकरले. "नाही, नाही. सूनबाईनं नाही. तिनं सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

त्यांनी फोन ठेवला. मी सोल्डरिंग आयर्न स्टँडवर ठेवलं आणि म्हटलं, "हे चार महिन्यांपूर्वी बोलायला हवं होतंत."

"हो," ते म्हणाले, आणि दुसरा नंबर फिरवायला लागले.